धुतो त वायत नाई, सर

२९ ऑगस्ट हा मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस, म्हणून राष्ट्रीय क्रीडा दिन. आमच्या वऱ्हाडात तो ऐन पावसाळ्यात येतो. मग मैदानावरचा कार्यक्रम सभागृहात सरकतो, मैदानातली काळी माती पोरांच्या बुटांना चिकटून दारापर्यंत येते आणि दारात पाटी असते : ‘पादत्राणे बाहेर काढावीत.’ अशाच एका कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या एका निवृत्त प्राचार्यांनी भाषणाची सुरुवात त्या दारातल्या ढिगापासूनच केली. नाकाला रुमाल लावून दाखवला. पोरं हसली.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. खेळाडूच्या बुटाला येणारा वास घामाचा नसतो, आळसाचा असतो. आमच्या वेळी तालमीत शंभर-शंभर पोरं घाम गाळायची, पण असा दर्प कधी आला नाही. हे सगळे महागड्या बुटांचे चोचले आहेत. गाडगेबाबांच्या जिल्ह्यात ही लाजिरवाणी गोष्ट आहे. उपाय सोपा आहे : बूट रोज धुवा, उन्हात टाका. आणि ज्याच्या बुटाला वास येईल त्याला एक सामना बाहेर बसवा, दुसऱ्या दिवशी शिस्त आपोआप येईल.

टाळ्या झाल्या. पुढच्या सोमवारपासून त्या शाळेत बूट-तपासणी सुरू झाल्याचंही कानावर आलं. मी अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतल्या शाळांत मिळून एकतीस वर्षं पी.टी.चा मास्तर होतो. एवढ्या काळात माझ्या नाकाखालून जेवढे बूट गेले तेवढे त्या प्राचार्यांच्या नजरेखालून पेपरही गेले नसतील. त्या अधिकारानं सांगतो : त्यांच्या भाषणातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चूक आहे, आणि जे एखादं बरोबर आहे ते चुकीच्या माणसाला सांगितलं गेलं.

आधी वासाबद्दल. वास घामाचा नसतो, हे त्यांचं अर्धं वाक्य खरं आहे. ताजा घाम म्हणजे मीठ विरघळलेलं पाणी, त्याला फारसा वास नाही. दोन्ही पावलांत मिळून घामाच्या ग्रंथी अडीच लाखांच्या घरात असतात आणि त्या पळताना आपलं काम चोख करतात. वास येतो तो त्या ओलीवर पोसणाऱ्या जिवाणूंमुळे. प्रत्येकाच्या कातडीवर जन्मभर राहणारे साधे जिवाणू घामातलं ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल खातात आणि आयसोव्हॅलेरिक आम्ल मागे टाकतात. खवट लोण्यासारखा, जुन्या चीजसारखा जो दर्प येतो तो त्याचा. योकोहामातल्या शिसेइदो कंपनीच्या संशोधकांनी याच विषयावर काम केलं आणि त्याबद्दल त्यांना १९९२ चं वैद्यकशास्त्राचं इग नोबेल मिळालं. आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाला देतात ते पारितोषिक. पुढे २००६ मध्ये आणखी एक इग नोबेल दिलं गेलं, मलेरियाचा डास माणसाच्या पायाकडे आणि लिम्बर्गर नावाच्या चीजकडे सारख्याच ओढीनं जातो हे दाखवल्याबद्दल. लिम्बर्गर मी खाल्लेलं नाही, दर्यापूरला ते मिळायचंही नाही. पण ते ज्या जातीच्या जिवाणूंनी मुरतं त्यांचेच भाऊबंद आपल्या बोटांच्या बेचक्यांत राहतात.

आता यात आळस कुठे आला? ते जिवाणू प्राचार्यांच्याही पायावर आहेत. त्यांना तीन गोष्टी लागतात : ऊब, ओल आणि वेळ. ऊब पायाची. ओल घामाची. वेळ मात्र त्यांना मिळतो तो बूट पुन्हा पायात चढेपर्यंत न वाळल्यामुळे. म्हणजे प्रश्न वाळण्याचा आहे. पोरगा सज्जन आहे की उनाड, याची त्या जिवाणूंना काही पडलेली नसते.

तालमीचा मुद्दा मला सगळ्यात जास्त झोंबला, कारण तालीम हा आमच्या गावाचा अभिमान आहे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. १९३६ मध्ये या मंडळाचं पथक थेट बर्लिनला जाऊन कबड्डीसारखे देशी खेळ आणि व्यायामप्रकार दाखवून आलं. ज्या बर्लिनमध्ये त्याच ऑगस्टात ध्यानचंदांच्या संघानं जर्मनीला ८-१ असं हरवलं, तेच बर्लिन. हे सांगताना आजही माझी मान ताठ होते. पण म्हणून तालमीत वास येत नव्हता, याचं श्रेय पोरांच्या शिस्तीला द्यायचं? तालमीत पोरं अनवाणी असत, पाऊल सगळा वेळ हवेवर. बूटच नाही तर बुटाचा वास कुठून येणार, बाप्पा?

आणि हौद्यातल्या मातीचं काय? ती काही शेतातून आणून तशीच पसरलेली नसे. चाळून घेतलेल्या मातीत हळद, तेल, ताक, लिंबाचा रस, काव असं काय काय घालत. ती रोज फावड्यानं उकरून खालची वर, वरची खाली करत, म्हणजे तिला हवा लागे. लिंबू आणि ताक आंबट, त्यात बरेच जंतू वाढत नाहीत. हळद कातडीला बरी. खणलेली माती कोरडी राहते. वस्तादाला जिवाणू हा शब्द माहीत नसेल, पण शंभर जणांचा घाम एकाच मातीत जिरणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यानं मातीची व्यवस्था लावली. घाम आला म्हणून कुणा पोराला हौद्याबाहेर बसवलं नाही. प्राचार्यांनी तालमीचं नाव घेतलं आणि तालमीतली नेमकी शिकण्यासारखी गोष्ट तेवढी सोडून दिली.

गाडगेबाबांचंही तेच. शेंडगावात जन्मलेला हा माणूस गावात आला की आधी स्वतः झाडू हातात घेई, दिवसभर रस्ते झाडी आणि मग रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारी. आधी झाडू, मग प्रश्न. इथे झाडूचा पत्ता नाही आणि थेट शिक्षा. बाबांचं नाव पुढे करणाऱ्यानं दारातल्या त्या ढिगातला एक तरी बूट उचलून आतली गादी बाहेर काढली असती, तर मी पहिली टाळी वाजवली असती.

आता ‘रोज धुवा’कडे येऊ. हे वाक्य ज्यानं उच्चारलं त्यानं एकतर कधी बूट धुतला नसावा किंवा तो वऱ्हाडात राहत नसावा. अकोल्यात नळ रोज येत नाही. काटेपूर्णा धरणाचं पाणी महानहून शहरात पोचतं ते काही दिवसांच्या अंतरानं, आणि आलं की घरातलं प्रत्येक भांडं, पिंप, बादली भरून ठेवायची धांदल उडते. त्या साठवलेल्या पाण्यातून रोज एक जोडी बूट धुवायचे, हे आईला सांगून पाहा. खेड्यात आणखी निराळी गंमत आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा हा सगळा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहिरीचं, बोअरचं पाणी खारट. त्यात साबणाला फेस येत नाही, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. पण आणखी एक गोष्ट होते. त्या पाण्यात धुतलेला बूट वाळला की मीठ आतल्या कापडात आणि फोममध्ये बसतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं की नाही? तसंच त्या बुटालाही सुटतं. हवा दमट झाली की धुतलेला बूट, न धुतलेल्यापेक्षाही, घालायच्या आधीच ओलसर. अकोट तालुक्यातल्या एका शाळेत असताना मी एका पोराला यावरून फैलावर घेतलं होतं. तो म्हणाला, “धुतो त वायत नाई सर, अन् नाई धुतला त तुमी हसता.” मी त्याला काही उत्तर दिलं नाही. माझ्याकडे नव्हतं. त्या वेळी मीही प्राचार्यांच्याच पंथातला होतो, हे कबूल केलेलं बरं.

शिवाय बूट म्हणजे काही सुती सदरा नाही. आत फोम, वर रेक्झिन किंवा जाळी, खाली रबर, आणि मधल्या थरांत गोंद. बादलीत बुडवला की फोम स्पंजासारखा पाणी पितो. ऑगस्टात सकाळची आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते; त्या हवेत तो बूट दोन-दोन दिवस वाळत नाही. पोरगा तिसऱ्या दिवसापर्यंत थांबू शकत नाही, कारण त्याच्याकडे जोड एकच. ओल्या बुटात पाय घालून तो पळतो आणि संध्याकाळपर्यंत त्या जिवाणूंचं अन्नछत्र उघडतं. रोज धुण्यानं वास वाढतो, हे ऐकायला उफराटं वाटेल, पण आमच्याकडच्या पावसाळ्यात ते अगदी खरं आहे.

उन्हात टाकायचं म्हणाल तर ऊन आमच्याकडे मागाल तेवढं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, दुपारची हवा भट्टीसारखी कोरडी. पण त्या उन्हात गच्चीच्या फरशीवर ठेवलेल्या बुटाचा गोंद मऊ होतो, तळवा सुटतो, रबर कडक होऊन पुढे चिरतं. शाळा सुरू होईपर्यंत बुटाची चप्पल होते. आणि त्या हवेत उन्हाची गरजच काय? सावलीत, वारा लागेल अशा खिडकीत ठेवला तरी बूट काही तासांत खडखडीत वाळतो. मग उन्हाळी शिबिरातल्या पोरांच्या बुटांना वास का येई? हे कोडं मला फार वर्षांनी उलगडलं, तेही स्वतःच्या घरात. कूलर! वऱ्हाडात मार्च सरला की वाळ्याच्या ताट्या ओल्या होतात आणि घरातली एकच खोली, जिच्यात सगळे झोपतात, ती रात्रभर गार आणि दमट असते. बूट चोरीला जाऊ नयेत म्हणून त्याच खोलीत, पलंगाखाली. बाहेर वाळवंट, आत कोकण. तेव्हापासून मी पोरांना एकच सांगत आलो : उन्हाळ्यात बूट कूलरच्या खोलीबाहेर ठेवा, दाराबाहेर दोरीला बांधून ठेवलात तरी चालेल. या एका गोष्टीनं जेवढा फरक पडला तेवढा कुठल्या पावडरीनं पडला नाही.

पावडरी आणि तोडग्यांचा विषय निघालाच आहे तर तेही उरकतो. डांबरगोळ्या आणि सेंट म्हणजे वासावर वास. दोन वास मिळून तिसराच तयार होतो आणि तो पहिल्या दोन्हींहून वाईट असतो. फ्रीजरमध्ये बूट ठेवायचा सल्ला हल्ली पोरं मोबाइलवर वाचून येतात. थंडीनं जिवाणू मरत नाहीत, बहुतेक नुसते निजतात. प्रयोगशाळांत तर ते वर्षानुवर्षं टिकवायला उणे ८० अंशांवर ठेवतात. पायाची ऊब लागली की उठतात. शिवाय ज्या घरात फ्रीजरमध्ये बर्फाच्या पेल्यांना जागा नाही तिथे बूट कुठे ठेवणार, आणि ठेवला तर आजी काय म्हणेल, याचा विचार सल्ला देणाऱ्यानं करावा. खायच्या सोड्याला मात्र मी हसत नाही. वासाचं मूळ आम्ल आहे आणि सोडा अल्कधर्मी. दोघांची गाठ पडली की आम्लाचं मीठ होतं, ते हवेत उडत नाही, वास बसतो. जिवाणू मात्र तिथेच राहतात, म्हणजे हे ताप उतरवण्यासारखं झालं. सकाळी सोडा झटकून टाकायचा, नाहीतर कातडी चुरचुरते. तुरटीचं पाणी पायाला लावणं त्याहून बरं, घाम थोडा आवरतो. दाढीनंतर गालावर तुरटी फिरवणारा न्हावी काही वेडा नव्हता.

काम करतं ते अगदी रुक्ष आहे. बूट काढल्याबरोबर नाडी पूर्ण सोडा, जीभ पुढे ओढा, आतली गादी उपसून वेगळी उभी करा. अर्धी ओल त्या गादीतच असते. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभरानं बदला, झोपताना पुन्हा बदला. (कोणत्याही वर्तमानपत्राचं चालतं. अग्रलेखाचं पान जास्त ओल शोषतं असं मला उगीच वाटत आलं आहे.) मोजे रोज बदला आणि उलटे करून धुवा, कारण घाण आतल्या बाजूला असते. मोजे धुवायला तांब्याभर पाणी पुरतं, बुटाला बादली लागते. हा हिशेब अकोल्यात मोठा आहे. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या फडक्यानं कोरड्या करा. तिथे कातडी पांढरी पडून सोलत असेल, खाजत असेल तर त्या चिखल्या आहेत, बुरशीचं काम. त्याला मलम लागतं, रागावून त्या जात नाहीत. तळव्यांना बारीक खड्डे पडले असतील किंवा हाता-पायांना बसल्या जागी घाम सुटत असेल तर कातडीच्या डॉक्टरांकडे पाठवा, दोन्हींवर उपचार आहेत. माझ्या एका खेळाडूला चार वर्षं सगळ्यांनी ‘वास्या’ म्हटलं. त्याला अंगभूतच जास्त घाम होता.

यावर प्राचार्य म्हणतील, मग दुसरा जोड घ्या की. घ्यावा, नक्की घ्यावा; आलटून पालटून दोन जोड वापरणं यासारखा उपाय नाही. पण पहाटे पाचला अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या कुठल्याही मैदानावर जाऊन बघा कोण पळतंय ते. पोलीस भरतीची पोरं. मैदानी चाचणीचे पन्नास गुण, त्यातले वीस एका धावेला. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. वर्षवर्ष, दोन-दोन वर्षं ही पोरं खोली करून राहतात, खानावळीचा डबा दोघांत खातात, आणि भाऊ गेल्या भरतीत ज्या बुटांवर नापास झाला त्याच बुटांवर धाकटा पळत असतो. सोयाबीनचे पैसे आले तर दुसरा जोड. यंदा सोयाबीनचं काय झालं ते प्राचार्यांनी बाजार समितीत विचारावं. या पोरांना सांगायचं, तुझ्या बुटाला वास येतो म्हणजे तुझ्यात शिस्त नाही? जो चारला उठून सोळाशे मीटर पळतो, त्याला?

आळशी पोरं नसतात असं मी म्हणत नाही. चार दिवस तेच मोजे घालणारे महाभाग मी पाहिले आहेत, त्यांना कानाला धरून नळाखाली उभंही केलं आहे. पण अशी पोरं वर्गात दोन. सामन्याबाहेर बसवायची शिक्षा मात्र लागते ती उरलेल्या अठ्ठाविसांना, आणि त्यांतही एकच जोड असलेल्यांना सगळ्यात आधी. तपासणी सुरू झाली की पोरं काय करतात हेही मला ठाऊक आहे. सकाळी घाईनं बूट धुतात, ओलेच घालून येतात, वर डिओ मारतात. तपासणीत पास. संध्याकाळी पुन्हा तेच, जरा जास्त.

शाळेला खरंच काही करायचं असेल तर ते फार स्वस्त आहे. ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ या पाटीखाली बूट कुठे पडतात? ओसरीवर, पागोळ्यांच्या शिंतोड्यांत, एकावर एक. तीन तासांच्या कार्यक्रमात ते वाळायचे सोडून भिजतात. तिथे सुताराकडून पट्ट्यापट्ट्यांची एक मांडणी करून घ्यावी, फळ्यांची नको, म्हणजे खालून हवा लागेल. आणि गोदामात पडलेला एखादा जुना पंखा तिच्या तोंडाशी लावावा. बुटांच्या मांडणीवर डोकं लावणं हास्यास्पद वाटत असेल तर २०२५ चं एक इग नोबेल आपल्याच देशातल्या, शिव नाडर विद्यापीठातल्या दोघांना याच विषयाबद्दल मिळालं आहे. वसतिगृहातल्या खोल्यांबाहेर बूट का ठेवलेले असतात, इथून त्यांनी सुरुवात केली आणि आत अतिनील किरणांचा दिवा असलेली मांडणी सुचवली. तो दिवा मी आमच्या शाळांना सुचवणार नाही. किरण सरळ रेषेत जातात, बोटांच्या टोकाशी अंधारच राहण्याची भीती, आणि जंतू मारणारी ती किरणं डोळ्यांना वाईट. पण त्या दोघांनी प्रश्न मांडणीचा मानला आणि पोरांच्या चारित्र्याला हात लावला नाही, एवढं तरी आमच्या प्राचार्यांनी त्यांच्याकडून उचलावं.

एक गोष्ट राहिली. त्या दिवशी सभागृहात तीनशे पोरं मोज्यांवर किंवा अनवाणी बसली होती. व्यासपीठावरच्या पाच पाहुण्यांना पाटी लागू नव्हती. सकाळपासून पायात असलेले चामड्याचे काळे बूट, घट्ट नाड्या, आत नायलॉनचे मोजे, आणि वर दोन तासांचा सत्कार. त्या जपानी संशोधकांना इग नोबेल देताना त्यांच्या एका निष्कर्षाचा खास उल्लेख झाला होता : आपल्या पायांना वास येतो असं ज्यांना वाटतं त्यांच्या पायांना तो येतो, आणि येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्या पायांना येत नाही. प्राचार्यांना नक्कीच येत नाही असं वाटत असणार. पुढच्या २९ ऑगस्टला त्यांनी आमच्यासारखे बूट दारात काढून आत यावं. मांडणी तोवर सुताराकडून आलेली असेल.